चोविसावा प्रहर

सप्ताहाच्या तिसऱ्या रात्री तीनला पाच मिनिटं कमी असताना मी सभामंडपातून उठून दाराशी गेले आणि पावसात कुणाच्या बॅटरीचा उजेड येताना दिसतो का, ते बघत राहिले. आमच्या घराचा प्रहर बारा ते तीन. पुढचा तीन ते सहा. पुढची मंडळी एव्हाना यायला हवी होती. निदान छत्री झटकल्याचा, पायरीवर चपला सोडल्याचा आवाज तरी. काही नाही. कुळागराच्या बाजूने फक्त पाण्याचे आवाज, एक पोफळींवरून ओघळणाऱ्या पाण्याचा आणि एक पाटातून धावणाऱ्या पाण्याचा, दोन्ही निरनिराळे ओळखू येत होते. मागे आमच्या वाड्याची मंडळी शेवटचा अभंग ओढत होती. सप्ताहात टाळ थांबू द्यायचा नसतो, समई विझू द्यायची नसते. मी फोन उघडला, यादी वर-खाली केली, तिसऱ्या रात्रीचा शेवटचा प्रहर कुणाच्या नावावर आहे ते शोधलं. कुणाच्याच नव्हता. हाताला घाम फुटला, कारण ती यादी मी केली होती.

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेले तात्या उठले. गेले तीन दिवस ते तिथेच होते, त्याच खांबाला टेकून, गुडघ्यांवर पंचा टाकून. सावकाश पुढे आले, आईच्या हातातले टाळ घेतले आणि मला म्हणाले, "जा गो बाय, निज जा आता." मग समईसमोर बसून एकट्यांनीच अभंग उचलला. पखवाज नाही, हार्मोनियम नाही, मागे धरायला कुणी नाही. ऐंशीच्या घरातला आवाज, वरच्या सुराला किंचित फाटणारा, आणि चौकातल्या पागोळ्यांचा ठेका. आई चपला शोधत होती. मी चिखलातून घरी येईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नाही. माझ्यापायी एका म्हाताऱ्या माणसाला पहाटेपर्यंत एकट्याने बसावं लागतंय, एवढंच डोक्यात होतं.

वास्कोचा दामोदराचा सप्ताह नावाला सप्ताह, पण भजन चोवीस तासांचं. आमच्या गावचा मात्र खरोखर सात दिवसांचा. फोंडा तालुक्यातलं डोंगराच्या पायथ्याचं लहानसं गाव, एकतीस घरं भजनाला बसणारी, आणि कुणी कधी बसायचं याची आखणी कैक वर्षं बाबांकडे. बाबा मराठी शाळेत मास्तर होते. वहीच्या एका पानावर लाल शाईने सात ओळी, आठ रकाने आखायचे, घराघराची नावं भरायचे आणि त्याची नक्कल करून देवळाच्या खांबाला चिकटवायचे. ते गेल्यावर दोन वर्षं लोकांनी तोंडी निभावलं. यंदा देवळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, मास्तरांची मुलगी पणजीत कंप्युटरचंच काम करते, तिला सांगा. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर नुसतं बरं नाही, बाबांच्या जागी बसल्यासारखं वाटलं.

सात दिवस, दिवसाला आठ प्रहर. सात आठे छप्पन. प्रहर आठ आणि कंप्युटरच्या एका बाइटमधले बिट, म्हणजे शून्य किंवा एक एवढंच धरणाऱ्या जागा, त्याही आठ, हे लक्षात आलं तेव्हा तर मी वहीकडे बघायचंही सोडून दिलं. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेत बिटसेट नावाची एक पेटी आहे. १९९८ साली त्या भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं तेव्हापासून ती आहे. तिच्यात किती खण हवेत ते प्रोग्राम चालण्याआधीच, कंपाइल होतानाच सांगावं लागतं. मग ती वाढत नाही, आक्रसत नाही. फर्मागुडीला इंजिनिअरिंगला शिकताना मला या गोष्टीचा राग यायचा. एवढ्या शहाण्या भाषेत न वाढणारी पेटी कशाला ठेवली असेल? आता वाटलं, हीच तर हवी. सप्ताह काही आठ दिवसांचा होणार नाही. घरं वाढतील, मुलं मुंबईला जातील नि परत येतील, प्रहर मात्र छप्पनच राहतील. तेव्हा प्रत्येक घराला छप्पन खणांची एक पेटी दिली. ते घर ज्या प्रहराला बसतं तिथे एक, बाकी सगळीकडे शून्य.

हे काम हाताने करायचं झालं तर कसं होतं, तेही सांगते, कारण मला त्यात अजून गोडी वाटते. तेविसाव्या बिटाला हात लावायचा आहे (मोजणी शून्यापासून). एक हा आकडा घ्या आणि तो तेवीस जागा डावीकडे सरकवा. आता हातात एक लांब पट्टी आली, जिच्यात सगळी भोकं बुजलेली आणि एकच उघडं. ही पट्टी मूळ आकड्यावर ठेवून 'किंवा' केलं की तो बिट एक होतो, शेजारी जसेच्या तसे. पट्टी उलटी करून 'आणि' केलं की तोच बिट शून्य होतो, पुन्हा शेजारी जसेच्या तसे. 'दोहोंपैकी एकच' केलं की जो होता त्याच्या विरुद्ध. आणि काही न बदलता नुसतं बघायचं असेल तर मूळ आकडा तेवीस जागा उजवीकडे सरकवून शेवटचा बिट बघायचा. पट्टी करताना लिहिलेला एक चौसष्ट बिटांचा हवा, नाहीतर बहुतेक यंत्रांवर तो बत्तीसच बिटांचा असतो आणि पुढच्या प्रहरांपर्यंत पोचतच नाही. बिटसेट ही सगळी यातायात चार नावांत गुंडाळून देतो: सेट, रिसेट, फ्लिप आणि टेस्ट. पण आतली पट्टी मनात दिसत राहिली की काम निर्धास्त होतं.

घराघराला फोन करून विचारलं, तुम्ही कुठल्या प्रहराला बसता. सगळ्यांना पाठ होतं. वरच्या वाड्यातल्या एका काकींनी तर घड्याळाची वेळ सांगितलीच नाही, 'जायांच्या कळ्या उमलायच्या वेळेला' म्हणाल्या. एकतीस पेट्या भरल्या आणि 'किंवा' करून एकावर एक ठेवल्या. काउंटला विचारलं, किती भरले? पंचावन्न. एकच प्रहर खाली! मी सगळी पेटी उलटी केली, म्हणजे भरलेले शून्य आणि रिकामा तेवढा एक, आणि पडद्यावर छापली. बत्तीस शून्यं, मग एक, मग तेवीस शून्यं. डावीकडून मोजलं. बत्तीस म्हणजे चार दिवस पुरे, तेव्हा पाचव्या दिवसाचा पहिला प्रहर, सकाळी सहा ते नऊ. खालच्या वाड्यातल्या पोरांच्या मंडळाला तो दिला, ती लगेच हो म्हणाली. मग प्रत्येक घराला त्याचे त्याचे प्रहर फोनवर पाठवले. खांबाला कागद लावला नाही. आता कागद कशाला, असं मीच म्हटलं.

तिसऱ्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली होती. लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत मी ओटीवर बसून प्रत्येक ओळ तपासली. घाबरलेलं माणूस करतं तसं आधी भलतीकडेच शोधलं. ठिकठिकाणी मी चौकोनी कंस घालून बिट वाचले होते. तो कंस काही तपासत नाही, छप्पनाव्या खणाला विचारलं (खण शून्य ते पंचावन्न, म्हणजे तो खणच नाही) तरी मुकाट्याने कसलं तरी उत्तर देतो आणि त्या उत्तरावर काहीच विश्वास ठेवता येत नाही. टेस्टला विचारलं तर तो तिथल्या तिथे अपवाद उभा करून सांगतो की असा खण नाही. मी सगळे कंस काढून टेस्ट घातले. काही निघालं नाही. पेट्यांत कुठेच चूक नव्हती. तेविसाव्या जागी सगळ्या घरांचं शून्य होतं आणि बाकी सगळं बरोबर होतं.

चूक वाचण्यात होती.

बिटसेट छापला की त्यातला शून्य क्रमांकाचा बिट सर्वांत उजवीकडे येतो. आपण आकडे लिहितो तसंच: एकं उजवीकडे, दहं त्याच्या डावीकडे. त्याच्या दृष्टीने ते सरळच आहे. मी मात्र ती ओळ पंगत वाचावी तशी डावीकडून वाचली, पहिला माणूस पहिला. उजवीकडून मोजलं असतं तर एकाच्या आधी तेवीस शून्यं, म्हणजे चोविसावा प्रहर, तिसऱ्या रात्रीचा शेवटचा, तीन ते सहा. पाचव्या दिवशी सकाळी पोरांचं मंडळ आलं तेव्हा तिथे ठरलेलं घर होतंच; दोघं मिळून बसली आणि त्या सकाळी भजन असं रंगलं की नवाच्या पुढेही कुणाला उठवेना. तिथली चूक कुणाला चूक वाटलीच नाही. सगळा भार तात्यांवर पडला, असं मी धरून चालले.

त्या दुपारी बाबांची फार आठवण आली, आणि आठवण आली ती एका वेगळ्याच कारणाने. मी सातवीत असताना सकाळी बसथांब्यापर्यंत आम्ही दोघं चालत जायचो आणि वाटेत बाबा वृत्तं शिकवायचे. यमाताराजभानसलगा. या दहा अक्षरांतली ओळीने कुठलीही तीन घ्या, त्यातल्या पहिल्या अक्षराच्या गणाची खूण मिळते: यमाता लघु-गुरु-गुरु, मातारा तिन्ही गुरु. एकदा पावसाळ्यात, बस चुकल्यावर, त्यांनी मला ओल्या चिऱ्याच्या भिंतीवर बोटाने प्रस्तार काढून दाखवला. तीन अक्षरांचे जितके म्हणून प्रकार होतात ते सगळे, काही न वगळता, एका क्रमाने. म, य, र, स, त, ज, भ, न. आठ. मग म्हणाले, छंदःशास्त्र लिहिणाऱ्या पिंगलाने याच्यापुढे एक गंमत केली आहे. कुणी नुसता क्रमांक सांगितला तर ती ओळ कशी होती ते काढता येतं. त्याला नष्ट म्हणायचं, म्हणजे हरवलेलं शोधणं. क्रमांक सम असेल तर लघु लिहा आणि निम्मा करा. विषम असेल तर गुरु लिहा, एक मिळवा आणि निम्मा करा. सहावी ओळ? सहा सम, लघु. तीन विषम, गुरु. चाराचे निम्मे दोन. दोन सम, लघु. लघु-गुरु-लघु, ज गण. ओल्या भिंतीवर बोटाच्या रेघा क्षणभर दिसायच्या आणि पुन्हा पाणी झिरपून जायच्या.

कंप्युटर शिकले तेव्हा कळलं, बाबांनी मला आकड्यातून एकेक बिट काढायला शिकवलं होतं. पण त्या दुपारी ओटीवर आणखी एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली. पिंगलाच्या प्रस्तारात सर्वांत भराभर बदलणारं अक्षर डावीकडे असतं. पहिल्या ओळीत गुरु, दुसरीत लघु, तिसरीत गुरु. एकंस्थान डावीकडे! अक्षरं म्हणायच्या क्रमाने, ज्या बाजूने तोंड उघडतं त्या बाजूने. मी बिटसेटची ओळ डावीकडून वाचली तेव्हा बाबांनी भिंतीवर शिकवलं तसंच वाचलं होतं. यामुळे चूक कमी होत नाही. तरी मला तेवढ्याने रडू आलं, का ते अजून नीट सांगता यायचं नाही.

एकेका बिटाचा विचार तेव्हापासून मनातून जात नाही. बिटाला स्वतःचा पत्ता नसतो. मेमरीत पत्ता मिळतो तो बाइटला. (बाइट हा शब्द १९५६ साली आयबीएममध्ये वेर्नर बुखहोल्ट्झ यांनी घडवला, तेव्हा त्यात आठच बिट असं काही नव्हतं, ते पुढे रूढ झालं.) आठांतला एकटा उचलून आणता येत नाही. एक बदलायचा तर सगळा शब्द, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं ती बिटांची जुडी, उचलायचा, पट्टी ठेवून त्यातला तेवढा बदलायचा आणि सगळा परत जागेवर ठेवायचा. म्हणून प्रोग्रामचे बरोबरीने चालणारे दोन धागे एकाच वेळी शेजारशेजारचे दोन निरनिराळे बिट बदलायला गेले तरी एकाचा बदल पुसला जाऊ शकतो. दोघांनीही तोच शब्द घरी नेलेला असतो. बाबांची वही एकदा अशीच दोघांनी उतरवून नेली होती, दोघांनी आपापल्या प्रतीत आपापला बदल केला, आणि ज्याचा कागद नंतर खांबाला लागला त्याचंच खरं ठरलं.

आणि पत्ता नाही म्हटल्यावर बिटसेट करतो काय? चौकोनी कंसातून बिट मागितला की तो बिट देत नाही, त्या बिटाकडे दाखवणारं एक बोट देतो. कुठला शब्द आणि त्यातली कितवी जागा, एवढंच त्या बोटाला माहीत. त्या बोटाला काही दिलं की ते आत जाऊन ठेवतं, विचारलं की आत बघून सांगतं. मी एकदा 'आधी काय होतं' ते बाजूला ठेवायला म्हणून असा बिट वाचला, त्याचा प्रकार ऑटोवर, म्हणजे भाषेनेच ठरवावा असा, सोडला आणि पुढे पेटीत बदल केला. तर बाजूला ठेवलेलं 'आधीचं' उत्तरसुद्धा बदललं. मी उत्तर ठेवलंच नव्हतं, बोट ठेवलं होतं. तिथे ऑटोच्या जागी बूल, म्हणजे नुसतं हो की नाही, लिहिलं की खरंखुरं उत्तर उतरतं. अशा चुका रागावण्यासारख्या नसतात. बाहेरून हातात घेतल्यासारखं वाटतं आणि वस्तू अजून आपल्या जागीच असते, एवढंच.

आणखी एक, मग पुढे जाते. माझ्या यंत्रावर छप्पन बिटांची ही पेटी चौसष्ट बिटांच्या फळीवर बसते. म्हणजे आठ बिट जास्तीचे. एक सबंध दिवस. आमच्याकडे आठव्या दिवशी सकाळी सहाला सप्ताह उतरतो आणि गोपाळकाला होतो. दही, पोहे, चिखल, पोरांचा गिल्ला, आणि त्या दिवसाचा प्रहर कुणाच्याच नावावर नसतो. पेटीतही तो आठवा दिवस असतो पण दिसत नाही. सगळी पेटी उलटी केली की तोही उलटतो, आणि भाषेबरोबर येणाऱ्या लायब्ररीचा कोड न सांगता तेवढे आठ बिट पुन्हा शून्य करून ठेवतो, नाहीतर काउंट चुकला असता. हे वाचलं तेव्हा मला त्या लिहिणाऱ्या अनोळखी माणसांविषयी माया वाटली. ज्याला कुणी कधी विचारणार नाही ती जागासुद्धा कुणीतरी झाडून ठेवतं.

तात्यांकडे जायला मला गणपतीची चवथ उलटून जावी लागली. धीर होत नव्हता. ते पुतण्याकडे राहतात. त्यांचं स्वतःचं घर बंद, म्हणून माझ्या एकतीसांत ते नव्हतेच, पुतण्याच्या घरात धरलेले. मागच्या अंगणात गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या माटोळीच्या लाकडी चौकटीच्या दोऱ्या सोडत बसले होते. वाळलेलं सुपारीचं शिपटं, सुरकुतलेले आंबाडे, एक कोहाळा अजून टवटवीत. चौकटीच्या प्रत्येक सांध्यावर दोरी होती किंवा दोरीचा वळ तरी होता. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. यादी, शून्यं, डावीकडून वाचणं. म्हटलं, तात्या, माझ्यामुळे तुम्हाला त्या रात्री एकट्याने बसावं लागलं, मला क्षमा करा.

त्यांना कळेचना. दोरीची गाठ दातांनी सोडवून ते म्हणाले, "तुझ्यामुळे कसा? तो माझाच प्रहर."

मी घरी आले ती थेट कपाटाकडे गेले. बाबांची वही खालच्या खणात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. एक वर्ष, एक पान. मी सगळी पानं उलटली, सव्वीस होती. घरांची नावं बदलत गेलेली, काही खोडलेली, एक घर मध्येच नाहीसं झालेलं, लाल शाई आधी गडद आणि शेवटी शेवटी कापऱ्या हाताची. आणि सव्वीसच्या सव्वीस पानांवर तिसऱ्या ओळीतला शेवटचा रकाना कोरा. रेघ नाही, नाव नाही, ठिपकाही नाही. मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई नारळ खवत होती. तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, "ते तात्यांचं. ते काय लिहायचं? सगळ्यांना ठाऊक."

तेव्हा ती रात्र मला पुन्हा दिसली, आणि या वेळी नीट दिसली. दाराशी मी एकटीच उभी होते. बाकी कुणी वाट बघत नव्हतं. पखवाजवाल्याने पखवाजाला खोळ घालायला घेतली होती, कुणीतरी उसळीची पातेली आवरत होतं, आई चपला शोधत होती. शेवटचा अभंग त्यांनी ओढला नव्हता, तो नेहमी तेवढाच असणार. तात्या तीन दिवस त्या खांबाला टेकून होते ते काय रिकामे बसले होते? आणि 'निज जा' म्हणाले त्यात मला सांभाळून घेणं कुठेच नव्हतं. आपल्या वेळेला आलेला माणूस आधीच्याला म्हणतो तेवढंच ते होतं.

मग मात्र मला दुसरी भीती वाटली, आधीच्यापेक्षा मोठी. मी ती ओळ बरोबर वाचली असती तर? तर खालच्या वाड्यातली पोरं पखवाज नि हार्मोनियम घेऊन तिसऱ्या रात्री तीन वाजता आली असती, आणि तात्या खांबापासून उठले असते तोवर त्यांच्या जागी दुसरी कुणी बसलेली असती. ते काही बोलले नसते. परत खांबाला टेकले असते. आणि मी पुढची कैक वर्षं समाधानाने काउंट छप्पन आला म्हणून बघत बसले असते. त्या प्रहराशी त्यांचं काय आहे, ते तिसऱ्याच रात्री का, एकटेच का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. आईलाही नाही. आईला ठाऊक असेल असं तिच्या खवणीवरच्या हातावरून वाटलं.

गेला आठवडाभर मी त्या एका बिटाशी बसून आहे. तिथे शून्य ठेवावं तर पुढच्या वर्षी यादी करणारी, मी नाहीतर आणखी कुणी, तो खाली समजून भरून टाकेल. एक ठेवावा तर कुठल्या घराच्या पेटीत? पुतण्याच्या घरात ठेवला तर त्या घराला फोन जाणार की तुमचा प्रहर आहे, आणि ते भलेपणाने चौघं जण पाठवणार. बिटाला दोनच गोष्टी सांगता येतात. बाबांच्या वहीतला कोरा रकाना तिसरंच काहीतरी सांगत होता, पण ते वाचायला बाबा हवे होते, किंवा आई, किंवा त्या रात्री चपला शोधणाऱ्यांपैकी कुणीही. माझी पेटी सुरू होते तेव्हा छप्पनच्या छप्पन खणांत शून्यच असतं. विचारलं आणि नाही म्हणाले तेही शून्य, विचारलंच नाही तेही शून्य, आणि विचारायचं नाही तेही शून्यच.

शेवटी काल रात्री आणखी एक पेटी केली. छप्पन खणांचीच, कुठल्याही घराची नाही. तिचं नाव ठेवलं 'ठाऊक'. तिच्यातला तेविसावा बिट सेट केला. आता खाली प्रहर शोधताना एकतीस घरांबरोबर हीसुद्धा 'किंवा'मध्ये धरली जाते, म्हणजे तो प्रहर खाली दिसत नाही आणि फोन कुणालाच जात नाही. ओळीच्या वर लिहून ठेवलं: हा प्रहर कुणाला देऊ नये, माणूस आहे. छापायचा कोडही बदलला. आता तो सात ओळी, आठ रकाने छापतो, पहिला दिवस वर, पहिला प्रहर डावीकडे, आणि 'ठाऊक'मधला रकाना कोरा सोडतो. तो कागद पुढच्या श्रावणात खांबाला लागेल.

सगळं झाल्यावर सवयीने 'ठाऊक'चा काउंट बघितला. एक. आणि मग वाटलं, एकच कसा असेल? भजनाचं झालं, पण चौकातल्या दिव्यांत तेल कोण घालतं, पहाटे घंटेची दोरी कोण बदलतं, उसळीचे चणे आदल्या रात्री कुणाच्या घरी भिजतात? मी आईला फोन लावला आणि विचारलं, बाबांच्या वहीत नसलेलं आणखी काय काय आहे.

पलीकडे नळ वाहत होता. आई म्हणाली, "थांब, हात धुऊन बसते."